तिथल्या तिथे

“घरातलं तुला सांगितलं, ते पडद्यावर आणायला नव्हे,” तो म्हणाला.

मेकअपच्या खोलीत त्याचा रंगमंचावरचा जुना जोडीदार आरशाला पाठ लावून उभा होता. “मी नाही लिहिलं. मी नुसतं नीटनेटकं करतो.”

“मग भिंतींना कान फुटले वाटतं.”

“लिहिणाऱ्याला शब्द दिलाय. नाव विचारू नकोस.”

दोघे तळघरातल्या एका लहानशा रंगमंचावर वाढले होते. प्रेक्षकांनी विषय द्यायचा आणि यांनी तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. संहिता नाही, तालीम नाही. नियम एकच: समोरचा जे देईल ते नाकारायचं नाही. त्या हजरजबाबीपणावर तो टीव्हीपर्यंत पोचला आणि जोडीदारालाही लेखनविभागात घेऊन आला. त्याचं नवरा-बायकोचं स्किट घरोघरी गाजलं. पण अलीकडे त्यातल्या बायकोचे टोमणे थेट त्याच्या स्वयंपाकघरातले असत. ते त्याने एकट्या जोडीदारापाशीच बोलून दाखवले होते.

“तो राहील नाहीतर मी. कारण विचारू नका,” त्याने निर्मात्या बाईंना सांगितलं.

जोडीदार गेला. जाताना एवढंच म्हणाला, “सांभाळ रे.”

त्याच संध्याकाळी बायको बॅग भरून दारात उभी होती. “तुम्हाला संसार नकोच आहे, टाळ्या हव्यात. मी माहेरी चालले. कायमची.”

एरवी तो एखादा विनोद करून सुटला असता. त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि तो हुंदके देऊन रडला. “मित्र गेला गं. तू तरी जाऊ नकोस.”

तिने तोंड दुसरीकडे वळवलं. मग तिने बॅग खाली ठेवली. निदान घर तरी वाचलं, असं त्याला वाटलं.

पुढच्या भागाची संहिता हातात आली. बॅग, दार, माहेर. शब्दाला शब्द.

तो बाईंच्या खोलीत शिरला. “हे कुणी दिलं? तो तर गेलाय.”

“कमाल करता. वहिनींनीच. ते घरगुती टोमणे पहिल्यापासून त्याच लिहितात. आधी घरी तुमच्यावर करून बघतात, रंगलं तरच पाठवतात. आम्हाला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलेलं आहे.”

त्याने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. नवरा रडतो, असं तिथे लिहिलं होतं.

“छे, ते त्यांचं नाही,” बाई कौतुकाने म्हणाल्या. “रडणं तुम्ही तिथल्या तिथे घातलंत म्हणाल्या. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली म्हणे त्यांची.”