फक्त तेवढाच

रविवारी ओपन सोर्स अ‍ॅपच्या चाचणीसाठी स्वयंसेवक वाचनालयात जमले, तेव्हा विद्याधरकाका तणतणतच आले. "हेमांगी, तुमचं हे आठवण पुसायचं अ‍ॅप अगदीच टाकाऊ आहे. माझं काहीसुद्धा पुसलं गेलेलं नाही!"

तक्रारींच्या नोंदी ठेवणाऱ्या हेमांगीला हसू आलं. पुसलेलं आठवणार कसं? आधीच्या तिन्ही रविवारी तिने त्यांची हीच तक्रार 'दोष नाही' म्हणून निकालात काढली होती. आज मात्र तिने त्यांचा मूळ अर्ज उघडला. 'काय पुसायचं?' या रकान्यात काकांनी लिहिलं होतं, 'अनघाचा अपघात. फक्त तेवढाच.'

"काका, अनघाकाकू..."

"कोण गं?" काकांनी कुतूहलाने विचारलं.

हेमांगीने 'दोष नाही' खोडलं आणि 'गंभीर दोष' असं लिहिलं.