सोमवारची शाळा

मैनाच्या दोरीला बांधलेल्या लोहचुंबकावर लोखंडाचा कीस उभा राहिला होता. दोन्ही टोकांना दाट, मधे विरळ. चर्चच्या पायरीवर बसलेल्या मार्थाबाई तो निरखत होत्या. मागच्या वस्तीतली मुलं भंगार वेचायला असं चुंबक रस्त्यावरून ओढत फिरत.

"बाई, खिळा चिकटतो, मग ही पितळी तोटी का नाही चिकटत?"

"तुला काय वाटतं?"

मैनाने तोटी पुन्हा टेकवून पाहिली. "चुंबकाला ती आवडत नसंल. पण का?"

विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मार्थाबाई वर्षभर पाळकसाहेबांच्या मागे लागल्या होत्या. रविवार सोडला तर चर्च रिकामंच असतं, तिथे या मुलांसाठी मोफत शाळा काढू. पाळकसाहेब दर वेळी म्हणत, "प्रार्थना करू या." वस्तीला वाटेल, पोरं बाटवायला बोलावतायत, ही त्यांची भीती बाईंना ठाऊक होती.

आज ते दारातच उभे होते. मैनाची आई शेवंता डोक्यावरचं पोतं उतरवून सरळ त्यांच्याकडे वळली.

"साहेब, बाई शाळेचं म्हणत्यात. पोरीचं नाव बदलणार का?"

"नाही. मैना ती मैनाच."

"देव बदलाया लावणार?"

"नाही गं. आमची प्रार्थना आम्ही म्हणू. तिला म्हणायची तर म्हणेल, नाहीतर गप्प बसेल."

"मग अडलंय कशावर? वरीस झालं आम्ही ऐकतोय."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू हे विचारशील, याच भीतीवर."

शेवंता खळखळून हसली. "विचारलं की आता!"

पाळकसाहेबही हसले. मग मार्थाबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, सोमवारी शाळा उघडायची."