परतल्याची खूण

“एल्सी, थांब. समोरच्याला आधी जाऊ दे.”

मोरागने ब्रेक दाबला. पूल एकाच गाडीच्या रुंदीचा होता आणि पहिला मान समोरच्याचा होता. पलीकडून एक कॅम्परव्हॅन आली. जाता जाता चालकाने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. मोरागशेजारी बसलेल्या तिच्या वडिलांनी, ह्यूनेही मांडीवरचं बोट उचलून त्याला उत्तर दिलं. माणूस एक्याऐंशी वर्षांचा झाला होता, पण रस्त्याच्या रीती त्याच्या बोटांत मुरल्या होत्या.

“आता हाक. माझ्या मेंढ्यासुद्धा याहून भरभर चालायच्या.”

“मग मेंढीवर बसूनच यायचं होतं, बाबा.”

म्हातारा खूश होऊन हसला.

एल्सी म्हणजे मोरागची धाकटी बहीण. एकतीस वर्षांपूर्वी ती याच वाटेच्या टोकाला, सरोवरात बुडाली होती. दुसऱ्या दिवशी होडी काठाला लागली. एल्सी कधीच सापडली नाही.

ख्रिसमसपासून ह्यू मोरागला एल्सी म्हणू लागला होता. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, हो म्हणत जा. मोराग हो म्हणत होती. सोमवारी त्याला वृद्धाश्रमात पोहोचवायचं होतं. त्याआधी एकदा ते सरोवर दाखव, एवढंच त्याने मागितलं होतं. मोराग तीन आठवडे टाळत राहिली. एकतीस वर्षांत ती तिथे पुन्हा गेली नव्हती.

वानाका गाव मागे पडलं. हावेआ तलावाचं निळं पाणी रस्त्याच्या कडेने बराच वेळ सोबत आलं. पॉपलरची झाडं पिवळी झाली होती. वरच्या सुळक्यांवर नवं बर्फ दिसत होतं. एका वळणावर गाडी थांबवून त्यांनी चीज रोल खाल्ले. ह्यूने एक रोल कागदात नीट गुंडाळून बाजूला ठेवला.

“हा मोरागला. मागाहून खाईल.”

मोराग त्या पुडक्याकडे बघत राहिली. क्षणभर तिला वाटलं, खरंच आपण बुडालो आणि एल्सीच गाडी चालवतेय. तिने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. तिने पुन्हा एकदा पाहून घेतलं.

“केस पूस गं,” ह्यू खिडकीबाहेर बघत म्हणाला. “ओल्या केसांनी झोपू नये. मोरागलाही त्या दिवशी तेच सांगितलं.”

“माझे केस कोरडे आहेत, बाबा.”

“आज आहेत.”

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापुढे डांबर संपलं. वाटेच्या तोंडाशी गाड्या लावायची जागा होती आणि खांबावर तीच हिरवी लाकडी पेटी. पेटीत वही. आत जाणाऱ्याने नाव लिहायचं, माणसं किती, कुठे आणि कशासाठी निघालो ते लिहायचं. परतल्यावर शेवटच्या रकान्यात खूण करायची. खूण राहिली तर रेंजर शोधायला निघतात.

मोरागने डिकीतून काठी काढली. तोवर ह्यू पेटीपाशी पोहोचला होता. वहीवर वाकून तो सावकाश काहीतरी खरडत होता.

“मी लिहिते, बाबा.”

“झालं लिहून.” त्याने झाकण लावलं. “काठी दे.”

सरोवर दहा मिनिटांवर होतं. जुनी झोपडी तशीच होती, पायऱ्या तेवढ्या नव्या. पाणी इतकं स्तब्ध होतं, की त्यात डोंगर उलटे उभे होते. दोघं ओंडक्यावर बसली. चिलटं चावत होती.



“एल्सी, त्या दिवशी मोराग कुठे होती?”

याचं उत्तर मोरागला पाठ होतं. मोराग झोपडीत झोपली होती. एल्सी एकटीच होडी घेऊन गेली. पोलिसांना तिने हेच सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं, आई गेली तेव्हाही हेच सांगितलं होतं. पण विचारलं होतं एल्सीला. एल्सी असं खोटं का बोलेल?

आणि सोमवारपर्यंत बाबांना यातलं काय आठवणार होतं?

“ती होडीतच होती, बाबा.” आवाज तिला आपला वाटला नाही. “अचानक वारा सुटला. होडी उलटली. लाइफ जॅकेट एकच होतं, ते मोरागने घातलं होतं. मी तिचा खांदा धरला. आम्ही दोघी खाली जायला लागलो.”

“मग?”

“मग तिने माझी बोटं सोडवली. एकेक करून.”

ह्यू पाण्याकडे बघत राहिला. त्याचे हात काठीच्या मुठीवर होते. 

“घाबरली असेल ती.”

“हो.”

“बावीसचीच तर होती.” त्याने मोरागच्या केसांवरून हात फिरवला, ओले आहेत का बघावं तसा. “चल पोरी. गारठा पडायला लागलाय.”

परतीच्या वाटेवर तो तिच्या दंडाचा आधार घेऊन चालला. मोरागला इतकं हलकं वाटत होतं, की तिला त्या हलकेपणाची भीतीच वाटली. उद्या बाबा सगळं विसरतील. तिने त्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला. गुंडाळलेला रोल त्याने तिच्या हातात दिला.

“खाऊन घे,” तो म्हणाला.

मग ती खूण करायला पेटीपाशी गेली. शेवटची नोंद त्यांचीच होती. अक्षर सरळ होतं, एकही खाडाखोड नव्हती.

नावे: ह्यू गिलमोर, मोराग गिलमोर. माणसे: दोन. कुठे: सरोवरापर्यंत. कशासाठी: मोरागच्या तोंडून ऐकायला.