उजवा हात

सात वर्षांच्या लेसीचं पत्र हॉलिसने वर्षभर शर्टाच्या खिशात बाळगलं, पण उत्तर काही लिहवलं नाही. "आजोबा, मी कोल्बीचा हात सोडला म्हणून तुम्ही आमच्याकडे येत नाही का?"

नातवंडांना घेऊन दुकानात जाताना हॉलिसच्या कमरेला, शर्टाखाली, स्वसंरक्षणासाठी भरलेलं पिस्तूल असायचं. ते कधी काढावं लागेल याचा नेम नाही, तेव्हा उजवा हात कायम मोकळा ठेवा, असं पिस्तूल चालवायला शिकवणाऱ्याने बजावलं होतं. म्हणून त्याच्या डाव्या हातात लेसी, आणि लेसीच्या हातात तीन वर्षांचा कोल्बी.

त्या दिवशी दुकानासमोर गाड्या लावतात तिथे ती कुरकुरली होती, "आजोबा, याला तुम्ही धरा ना. फार ओढतो हो."

"मोठी ताई ना तू? धर की घट्ट."

कोल्बी हात सोडवून पळाला, तेव्हा एक ट्रक रिव्हर्समध्ये मागे येत होता.

आज हॉलिसने उत्तर फाटकाजवळच्या टपालपेटीत ठेवलं आणि पत्र न्यायचं आहे हे पोस्टमनला कळावं म्हणून पेटीचा लाल झेंडा वर केला. आत एवढंच होतं : "लेसी, चूक तुझी नाही, बाळ. माझा एक हात रिकामा होता."