तीनशे बारा गोल

तालमीच्या कपाटात तिच्या फुटबॉल संघाच्या सामन्यांच्या एकवीस वह्या होत्या आणि त्यांत तीनशे बारा गोल होते. आंतरराष्ट्रीय गोलवीरांची क्रमवारी लावतात तशी आपल्या संघाची यादी करायचं काम कोल्हापूरच्या या तालमीनं संख्याशास्त्र शिकलेल्या ऋजुताला दिलं होतं. संध्याकाळी रंगारी ती फळ्यावर लिहिणार होता. सगळ्यात वर तिच्या आबांचं, दिनकर सरनोबतांचं नाव होतं, त्रेसष्ट गोल. त्यांच्याखाली किसनराव, बासष्ट.

आबा चष्मा लावून यादी वाचत शेवटपर्यंत गेले.

"रशीद कुठं हाय?"

"रशीदचाचा बचावाला खेळायचे. त्यांचा एकही गोल नाही, आबा."

"एक हाय. त्र्याऐंशीची फायनल. त्याच्या हेडरनं बॉल रेषेपल्याड गेलता. मी मागनं नुसता पाय लावला, आणि पोरांनी मलाच खांद्यावर घेतलं. तवा गप बसलो. आता त्याच्या नावावर घाल."

"मग तुम्ही दोघं बासष्टवर येता. बरोबरी झाली की कमी सामने खेळलेला वर. म्हणजे किसनराव. नियम मीच केलाय."

"मग नियमानं कर की. किसन्या चार दिवस कॉलर वर करून फिरंल, फिरू दे."

संध्याकाळी ऋजुतानं रंगाऱ्याला यादी स्वतः वाचून दाखवली, सगळ्या तालमीला ऐकू जाईल अशा आवाजात. दुसऱ्या क्रमांकावर दिनकर सरनोबत, बासष्ट गोल. सगळ्यात शेवटी रशीद मुजावर, एकशे अठरा सामने, एक गोल. एकूण तीनशे बारा.