अन्नपूर्णेची गाडी

कपाळाला गंध लावलेला तो माणूस पुन्हा गाडीसमोरून गेला आणि अंजनाबाईंच्या हातातला झारा कढईवरच थांबला.

"आत्याबाई, बोंडे जळून राहिले," सून जयवंता म्हणाली.

"जळू दे वं. तो पाहा, पुन्हा आला."

जयवंताने मान वर केली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर स्वागत समितीचा बिल्ला. पाटीलसाहेब. मैदानाबाहेरच्या सगळ्या गाड्यांवर देखरेख त्यांचीच होती.

"त्याचं कामच हाये पाहाचं. तुम्ही काहून भिऊन राहिल्या?"

भिण्यासारखं होतंच. विश्वचषकाचा सामना नागपुरात होणार म्हटल्यावर स्वागत समितीने गरीब वस्त्यांतल्या महिला मंडळांना थोडीथोडी मदत दिली होती. कुणाला टोप्या शिवायला कापड, कुणाला शिलाई मशीन. इंदोऱ्याच्या मंडळाला ही नवीकोरी हातगाडी मिळाली, स्टोव्ह-कढईसकट. अट एकच होती. सामन्याच्या दिवशी तक्रार आली नाही, तर गाडी कायमची मंडळाची. आली, तर गाडी परत. अंजनाबाईंनी तर गाडीच्या भरवशावर बिड्या वळायचं सूप उचलून माळ्यावर टाकलं होतं.

मंडळाच्या सिंधूताई शाळेत शिकवायच्या. त्यांनी आधीच बजावलं होतं, "अर्जात मी वॉर्ड लिहिलाय, वस्ती नाही. कोणी विचारलं तर महाल भागातल्या म्हणून सांगा. इंदोरा म्हटलं की निम्मं गिऱ्हाईक जात हुंगत परत जाईल, आणि एखादा दीडशहाणा तक्रार ठोकेल."

म्हणून इतवारीच्या बाजारातून अन्नपूर्णेचा फोटो आणला होता. त्यावरून घरात चांगलीच जुंपली.

"धम्म घेतला तवा देव तुम्हीच नदीत सोडले ना?" जयवंताने विचारलं होतं.

"सोडले. पोट कुठं सोडू, सांग."



आत मैदानात एकदम गलका उठला. कुणीतरी चौकार मारला असावा. गाडीभोवती लोक पोह्यांवर झणझणीत रश्शाची तर्री मागत होते, जयवंता प्लेटा भरत होती. अंजनाबाईंचं लक्ष मात्र पाटीलसाहेबांवर. साहेब पानठेल्याशी उभे राहिले, की ह्या तिकडे बघायच्या. साहेब मान फिरवायचे. थोड्या वेळाने तेच चोरून इकडे बघायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

दुपारी साहेब सरळ गाडीपाशीच आले.

"हे काय?" साहेब म्हणाले. त्यांची भाषा एकदम पुस्तकातली. "फोटो इथे खाली?"

फोटो रॉकेलच्या डब्याला टेकवून ठेवला होता. शेजारी दोघींच्या चपला. साहेबांनी वाकून तो उचलला, रुमालाने पुसला आणि वरच्या फळीवर नीट ठेवला. अंजनाबाईंनी घाईघाईने पायानेच चपला गाडीखाली सारल्या. ज्या घरात देव आहेत, त्या घरची बाई देवीला चपलांजवळ ठेवेल का? एवढं साधं कसं सुचलं नाही आपल्याला? देव घरातून गेले, तशी त्यांची रीतही गेली होती.

"कुठल्या तुम्ही?"

"महालातल्या जी."

"माहेर?"

माहेराचं खोटं कुणी शिकवून ठेवलं नव्हतं. तोंडातून खरंच निसटलं. "कुही गावाकडलं."

त्याच रुमालाने साहेबांनी कपाळाचा घाम पुसला, गंध फिसकटलं, आणि पाण्याचा घोटही न घेता ते निघून गेले.

"समजलं त्याले," अंजनाबाई कुजबुजल्या. "गेली गाडी."

"जाऊ द्या गेली तर," जयवंता म्हणाली. पण तिनेही एकाच प्लेटीत दोनदा तर्री ओतली.

त्यानंतर अंजनाबाईंना कशाचीच चव राहिली नाही. गिऱ्हाईक "वा बाई, बोंडे झक्कास" म्हणालं, तरी त्यांना ते ऐकू येईना. साहेब कुणाशी बोलतात, कुणाकडे हात करतात, एवढंच त्या बघत होत्या. शेजारच्या उसाच्या रसवाल्याशी साहेब दोन शब्द बोलले, तर यांना वाटलं, सांगितलं! आता सगळी रांग उठून जाणार. रांग काही उठली नाही. भीती मात्र वाढतच गेली. वस्तीत वाट बघणाऱ्या मंडळाच्या बायकांना काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्यांना रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं.

सामना संपला. गर्दी नाचत, ओरडत बाहेर पडली आणि पांगली. गाड्या आवरायला लागल्या. तेव्हा साहेबांनी बरोबरच्या शिपायाला फाटकाकडे पिटाळलं आणि एकटेच आले. घारीसारखी नजर चारी बाजूंना.

"सुनेला जरा पाणी आणायला पाठवा."

"मी नाई हालत इथून," जयवंता म्हणाली.

"जाय वं," अंजनाबाईंनी हात जोडले. "माह्यं ऐक."

जयवंता बादली आपटत नळाकडे गेली. अंजनाबाईंनी साहेबांना बोलूच दिलं नाही.

"साहेब, गाडी घेऊन जा. खोटं मी बोलली. पोरीले काही बोलू नका, तिचा दोष नाई."

साहेबांनी ते ऐकलंच नसावं. चेहरा पार उतरला होता. ते कढईपाशी इतके वाकले की दुरून कुणाला वाटावं, भाव विचारताहेत.

"अंजनाक्का, सकाळपासून तुम्ही माह्याकडेच पाहून राहिल्या," ते म्हणाले. पुस्तकातली भाषा कुठल्या कुठे गेली होती. "वळखलंच तुम्ही मले. मी धोंडबाचा शालिकराम, आपल्याच कुहीच्या विहारामागचा. पाया पडतो तुमच्या, इथं समदे मले पाटील समजतात. कोणाले सांगू नका."