जुनी झोळी, दोरांसकट

१९५८ साली ब्राझीलच्या सेआरा प्रांतात पाऊस पडलाच नाही आणि माझा भाऊ दामियाँव रबराच्या कामाला ॲमेझॉनकडे निघाला. नदीच्या बोटीवर ज्याने त्याने आपली कापडी झोळी टांगून आठ-दहा दिवस झोपायचं. झोळी नसेल त्याने ओल्या फळ्यांवर झोपून ताप घेऊनच उतरायचं. म्हणून आई, दामियाँव आणि मी शनिवारच्या बाजारात गेलो. नव्या झोळीतच आमचे सगळे पैसे संपले असते. दोर आणि मच्छरदाणी राहिली असती. झोळीवाला झुझा म्हणाला, "मावशी, ही जुनी घ्या. दोन बैल झोपवलेत तरी फाटायची नाही." आईने ती उलटली. कडेला तिच्या लग्नातल्या निळ्या झग्याचं ठिगळ होतं, तिच्याच टाक्यांनी शिवलेलं. शवपेटी परवडली नाही म्हणून सहा आठवड्यांपूर्वी आम्ही बाबांना याच झोळीत गुंडाळून पुरलं होतं. "आई, चल इथून," मी कुजबुजले. "थांब गं. दामियाँवची बोटीपर्यंतची गाडी उद्याच आहे ना?" मग ती शांतपणे झुझाला म्हणाली, "ही कुठून काढलीस ते मी विचारत नाही. तू दोराचे आणि मच्छरदाणीचे पैसे विचारू नकोस." झुझाने मान वर न करता सगळं बांधून दिलं. तो पुन्हा त्या बाजारात दिसला नाही. दामियाँव त्या झोळीत एकवीस वर्षं झोपला, तिकडेच त्याने संसार थाटला. आई नव्वदीत गेली. बाबांची कबर आम्ही कधी उघडून पाहिली नाही. आई म्हणायची, "पोरासाठी मागितली असती, तर त्यांनी स्वतःच काढून दिली असती."